चार वाजताची कुरोडी

देवकाबाईला आयुष्यात फार काही लागत नव्हतं. अंगभर सोनं नको, चारधाम नको, सुनेनं पाय चेपावेत असली हौसही तिला कधी झाली नाही. तिला फक्त दुपारी चार वाजता, चहाच्या कपासोबत, एक तळलेली कुरोडी, गव्हाच्या चिकाची कुरडई, लागायची. तीही मोडून, चुरा करून नाही. अख्खी, फुललेली, पांढरीशुभ्र कुरोडी दोन बोटांत धरायची, कडेनं दातांत घ्यायची आणि कुर्रकन तोडायची. मग डोळे मिटायचे. वडनेरच्या त्या घरात लग्न होऊन आल्यापासून हा तिचा नेम होता. त्या पाच मिनिटांत घराला आग लागली तरी बाई उठायची नाही, असं तिचे यजमान किसनराव सगळ्या गावाला सांगायचे.

आणि एवढंसं सुख बाईनं आपल्याच हातानं घालवलं होतं. कोणी हिसकावलं नव्हतं, डॉक्टरनं बंद केलं नव्हतं. तिनं नवस बोलला होता.

त्याचं झालं असं. दोन उन्हाळ्यांपूर्वी किसनरावांची दाढ दुखायला लागली. आता दाढ दुखली तर शहाण्या माणसानं डॉक्टरकडे जावं. हे गेले नाहीत. लवंग धर, तंबाखू दाब, तुरटीच्या गुळण्या कर, असं करता करता गाल सुजून डोळा दिसेनासा झाला, ताप चढला आणि एका संध्याकाळी माणूस बरळायला लागला. मुलानं, सचिननं, गाडी काढून त्यांना सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. देवकाबाई मागे राहिली ती थेट शेतात गेली. शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच्या कडुलिंबाखाली, शेंदूर लावलेला एक दगड आहे, तोच त्यांचा मारोती. त्याच्यापुढे बसून, पदर डोळ्यांना लावून ती म्हणाली, की यांना घरी येऊ दे, तुझ्यापुढं यांना आपल्या तोंडानं रोडगा तोडू दे, तोवर कुरकुरीत म्हणून जे काही आहे ते मी दाताखाली घेणार नाही.

देवानं ऐकलं. माणूस आठवड्याभरात हिंडता-फिरता घरी आला. फक्त बरेचसे दात तिकडेच ठेवून आला, आणि जे चारदोन हलत होते तेही पोळ्यापर्यंत गेले. तोंडाचं पार बोळकं झालं.

आता आली का पंचाईत. रोडगा म्हणजे काही वरणभात नव्हे. जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठाचा तो मुठीएवढा गोळा, गोवऱ्यांच्या आरात भाजून असा टणक होतो की वरचं कवच फोडायला चांगल्या माणसाला जोर लावावा लागतो. आणि किसनरावांच्या घरची रीत त्याहून वरचढ. दरवर्षी हरभरा घरात आला की शेतातल्या मारोतीपुढे रोडग्यांची पंगत व्हायची, आणि त्यातला पहिला रोडगा घरच्या वडील माणसानं हातानं फोडायचा नाही, दातानं तोडायचा. तो तुटल्याशिवाय कोणाच्या पत्रावळीवर वरण पडायचं नाही. बोळक्या तोंडानं हे व्हायचं कसं? नवस बोलण्याआधी देवकाबाईनं थोडा विचार करायला हवा होता, हे खरंच. पण नवरा तापानं फणफणत असताना कोणती बाई नवसाच्या अटी तपासत बसते?

बरं, कोणाला सांगायचीही सोय नाही. नवस फिटेपर्यंत उघड करायचा नसतो, केला की तो गेला, असं तिच्या मायनं तिला लहानपणी शिकवलं होतं. त्यामुळे बाई गप्प. पापड बंद, चिवडा बंद, फुटाणे बंद, भाजलेल्या शेंगा बंद. भाकरीचा पापुद्रासुद्धा ती वरणात बुडवून, गाळ करून गिळायची. उन्हाळा आला की सून काजलला हाताशी घेऊन गहू भिजवायचे, वाटायचे, चीक शिजवायचा, खाटेवर लुगडं पसरून त्यावर सोऱ्यानं कुरोड्या पाडायच्या, वाळल्या की डबा भरायचा, आणि त्यातली एकही खायची नाही. याला काय म्हणावं? काजल शेजारणींना सांगायची, मामंजींना दात नाहीत म्हणून आईंनी खाणं सोडलं, काय जीव आहे बाई एकमेकांवर. हे कानावर आलं की देवकाबाईला तांब्या फेकून मारावासा वाटायचा. जीव होताच, नाही कोण म्हणतं? पण तिला कुरोडी पाहिजे होती.

सगळ्यात वाईट वेळ म्हणजे चार वाजताची. सचिन शेतात, काजल अंगणवाडीत, घरात ही दोघंच. किसनराव ओसरीवर खाटेवर बसून चहात बिस्कीट बुडवून चोखायचे आणि मजेत असायचे. देवकाबाई समोर बसून नुसता चहा प्यायची. तिनं कवळीचा विषय काढला की ते हात झटकायचे. दुसऱ्याचे दात तोंडात घालून बसायला मी काय नाटकातला रावण आहे का, असं विचारायचे. सचिननं सांगून पाहिलं, काजलनं सांगून पाहिलं. माणसाला खिचडी मिळत होती, शिरा मिळत होता, त्याचं काय अडलं होतं? गेल्या वर्षीच्या पंगतीत त्यांनी पहिला रोडगा खुशाल सचिनच्या हातात दिला. तो तुटल्याचा आवाज आला तेव्हा देवकाबाईनं मारोतीकडे असं बघितलं की त्याचा शेंदूर गळून पडावा. आणखी एक वर्ष गेलं होतं.

यंदा मात्र तिनं ठरवलं. रडून झालं, बोलून झालं, आता डोकं चालवायचं.

काजलचे वडील बंडूजी वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला राहायचे. तहसीलमध्ये कारकून होते, आता निवृत्त. वयानं किसनरावांपेक्षा दोनचार वर्षांनी मोठेच, पण तोंडात सगळे दात जागच्या जागी, आणि त्याचा त्यांना फार गर्व. कोणाच्याही घरी गेले की आधी सुपारी मागायचे, अडकित्ता नको म्हणायचे आणि कडाकड फोडून दाखवायचे. व्याही म्हणून किसनरावांचं त्यांच्याशी तोंडभर गोड होतं, पण ती सुपारी फुटली की त्यांच्या कपाळावरची शीर उडायची. हे देवकाबाईनं कित्येकदा पाहिलेलं.

संक्रांत झाल्यावर एक दिवस चहाच्या वेळी ती सहज बोलल्यासारखं म्हणाली, की यंदाच्या पंगतीला बंडूजींना बोलावू, आणि पहिला रोडगा त्यांनाच तोडू देऊ. सचिन अजून लहान आहे, वडील माणूस म्हणून शोभेलही, आणि दातही मजबूत आहेत हो त्यांचे. एवढं बोलून ती कप घेऊन आत निघून गेली. दाराआडून पाहिलं तर बिस्कीट चहात विरघळून बुडालं होतं आणि किसनराव कपात नुसते बघत बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला. कुठं, तर म्हणे हिंगणघाटला, बियाण्याचं काम आहे. माघात कसलं बियाणं? देवकाबाईनं गुपचूप देवापुढे साखर ठेवली.

कवळी झाली. त्यासाठी तीनचार खेपा झाल्या, दातांच्या त्या तरुण डॉक्टरीणबाईला किसनरावांनी बरंच काही ऐकवलं असणार, पण कवळी झाली आणि गुलाबी डबीत बसून घरी आली. घातली तेव्हा काजल म्हणाली, मामंजी, दहा वर्षांनी लहान दिसता. देवकाबाईला तर हसूच आवरेना, कारण ओठ मिटत नव्हते आणि माणूस उगाचच सगळ्यांवर खूष असल्यासारखा दिसत होता. पण पहिला घास घेतला आणि हिरड्यांना टोचली. त्यांनी ती काढली, डबीत ठेवली, डबी देवळीत ठेवली आणि जाहीर केलं की हा सगळा पोरखेळ आहे.

झालं. पुन्हा खिचडी, पुन्हा शिरा. देवकाबाईनं दोनदा आठवण केली तर खेकसले. मग आठवड्याभरानं तिनं देवळीतली डबी उघडून पाहिली. डबी रिकामी होती. संध्याकाळी पाहिलं तर कवळी परत डबीत. दुसऱ्या सकाळी पुन्हा नाही. किसनराव रोज सकाळी शेतात चक्कर मारायला जायचे ते कवळी खिशात घालून जायचे, एवढं तिला कळलं. कशाला जातात, ते कळेना. तिला वाटलं, विहिरीत टाकायचा मुहूर्त शोधून राहिले असतील. त्यातच डब्यातले फुटाणे कमी व्हायला लागले. काजलनं विचारलं, आई, फुटाणे तुम्ही खाता का? देवकाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. एक तर नवस, त्यात वर चोरीचा आळ. तिनं उंदरांना शिव्या घातल्या आणि डबा वरच्या फळीवर ठेवला. तरी फुटाणे कमी होतच राहिले.

पंगतीचा दिवस उजाडला. हरभरा निघून शेत मोकळं झालेलं, धुऱ्यावरच्या लिंबाला नवी लालसर पालवी फुटलेली. सकाळपासून गोवऱ्यांचा आर पेटला होता, सचिन घामाघूम होऊन रोडगे उलटवत होता, एका गंजात तुरीचं वरण आणि दुसऱ्यात वांग्याची तर्रीदार भाजी रटरटत होती. भावकीतली माणसं, शेजारपाजारचे, सगळे सावलीत सतरंज्यांवर बसलेले. बंडूजी पांढऱ्या सदऱ्यात आले, आल्या आल्या सुपारी मागितली आणि फोडली.

देवकाबाईचं लक्ष फक्त किसनरावांच्या तोंडाकडे होतं. तोंड मिटलेलं. ओठ आत गेलेले. म्हणजे कवळी घातलेली नाही. घरून निघताना तिनं देवळीत हात घातला होता, डबी तिथं नव्हती. टाकली असेल का खरंच? यंदा नाही झालं तर पुढचं वर्ष, आणि पुढचं वर्ष कोणी पाहिलं? तिच्या स्वतःच्या दोन दाढा आता हलायला लागल्या होत्या. नवस फिटेपर्यंत तिचेच दात राहिले नाहीत तर? या विचारानं तिचं रडू अगदी फुटायच्या बेतात आलं, आणि ते लपवायला ती उगाच पत्रावळी पुसत बसली.

नैवेद्य झाला, नारळ फुटला. सचिननं फडक्यानं राख झटकून पहिला रोडगा ताटात आणला. ताट वडीलधाऱ्यांपुढे ठेवायचं म्हणून तो जरा थांबला, कारण आईनं बंडूजींबद्दल काय बोलून ठेवलं होतं ते त्याला माहीत होतं. बंडूजींनी बाह्या सारल्या आणि मोठ्या मनानं हसून म्हणाले, की द्या इकडे, व्याहीबुवांचं काम आज मी करून टाकतो. बोलण्यात काही वाईट नव्हतं, पण दोनचार जण हसले.

किसनरावांनी हात वर केला. सचिननं ताट त्यांच्यापुढे धरलं. मग त्या माणसानं सदऱ्याच्या खिशातून गुलाबी डबी काढली, पंगतीकडे पाठ केली, डोक्याचा दुपट्टा तोंडापुढे धरला, आणि ते वळले तेव्हा तोंड भरलेलं होतं. कोणी हसलं नाही. त्यांनी ताटातला रोडगा उचलला. चटका बसत होता, तरी या हातातून त्या हातात करत तो त्यांनी बाजूला वळवला आणि पुढच्या दातांनी नाही, बाजूच्या दाढांत धरला. देवकाबाई पत्रावळी पुसायची थांबली. हे असं बाजूनं धरायचं यांना कोणी शिकवलं?

जोर लावला. मानेच्या शिरा ताठल्या. एक क्षण काहीच झालं नाही, आणि बंडूजींचा हात पुढे सरकला. आणि मग कडक्क. लिंबावरचे कावळे उडाले असं काजल पुढे सगळ्यांना सांगत राहिली. ते काही खरं नाही. पण आवाज शेवटच्या सतरंजीपर्यंत गेला हे अगदी खरं. किसनरावांनी तोडलेला तुकडा सावकाश, एका बाजूनं, पूर्ण चावला, गिळला आणि म्हणाले, "वाढा आता."

एकच गलका झाला. सचिननं बापाच्या पायांना हात लावला, बायका हसायला लागल्या, आणि बंडूजी, खरं सांगायचं तर माणूस दिलदार, उठून व्याह्यांना कडकडून भेटले आणि म्हणाले की माझी सुपारीही या आवाजापुढं फिकी पडली. वरणाचे गंज फिरायला लागले. देवकाबाई मात्र आपल्या जागी तशीच बसून राहिली. मोकळी झाली होती बाई. छातीवरून कोणी धोंडा उचलल्यासारखं वाटत होतं, आणि गालांवरून पाणी वाहत होतं ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

किसनराव पंगतीतून उठून तिच्याजवळ आले. हे कधी घडलेलं नव्हतं. चारचौघांत बायकोजवळ जाऊन बसणं त्यांच्या पिढीच्या माणसाला जमत नाही. येताना मारोतीमागे जपून ठेवलेली एक कागदाची पुडी त्यांनी उचलून आणली होती; उकिडवे बसून त्यांनी ती सोडली. आत कुरोडी होती. तळलेली, अख्खी, एकही टोक न मोडलेली.

तिनं काजलकडे बघितलं. काजल पलीकडून हसत होती. सकाळी तळून दिली, म्हणाली, मामंजींनी शपथ घातली होती कोणाला सांगू नको म्हणून.

"हे काय," देवकाबाई कशीबशी म्हणाली.

"कुरोडी," किसनराव म्हणाले. तोंडात कवळी नवी, शब्द जरा फसफसत होते. "दोन वर्षं झाली, तू खाऊन नाई राह्यली. काऊन नाई खात, ते मी इचारत नाई. तुझं तुले ठाऊक. पण मले दात नव्हते, देवका, कान तं होते. चार वाजले का मी बसून वाट पाह्यतो, अन् घरात आवाजच नाई. चहा गोड नाई लागत मले."

घराला आग लागली तरी बाई उठायची नाही, असं सगळ्या गावाला थट्टेनं सांगत फिरणारा हा माणूस चाळीस वर्षं तो आवाज ऐकत बसला होता, आणि तिला वाटत होतं की ती पाच मिनिटं तिची एकटीची आहेत.

"मंग तुमी ते फुटाणे..." ती म्हणाली.

"मीच. आधी भिजवलेले, मंग कोरडे. रोज सकाळी, इथंच, याच्यापुढं बसून." त्यांनी मारोतीकडे मान हलवली. "हिरड्या सोलून निघाल्या. पण म्हटलं, मी कडक खाल्लं तं तूही खाशील. बंडूजी गेला उडत, त्याच्यासाठी नाई केलं मी."

नवस आता फिटला होता, सांगायला हरकत नव्हती. तिनं तोंड उघडलंही. पण मग तिला वाटलं, कशाला? दगडातल्या देवाला सगळं ठाऊक होतं, आणि समोरच्या देवाला न सांगता कळलं होतं. बोलण्यापेक्षा तोंडाला दुसरं चांगलं काम होतं.

तिनं पदरानं डोळे पुसले. कुरोडी दोन बोटांत धरली, कडेनं दातांत घेतली. सगळी पंगत तिच्याकडे बघत होती, बंडूजींचा हात रोडग्यावर थबकला होता, आणि तिला कशाचीही लाज वाटली नाही. कुर्रकन आवाज झाला. तिनं डोळे मिटले. जिभेवर खारट, हलकं, उन्हात वाळलेल्या गव्हाचं ते सगळं एकदम विरघळलं, आणि दोन उन्हाळे भरून निघाले. किसनराव ऐकत बसले होते.

कुरोडी संपली. देवकाबाईनं डोळे उघडले, मांडीवरचा चुरा बोटानं टिपून तोंडात टाकला, पुडीचा कागद उलटासुलटा करून पाहिला आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, "एकच आणली का?"